येळवशीच्या पंगतीत पोलंडचा जॅझ

नांदेड ते लातूर या प्रवासात एका लाकडी वाद्याने माझी खिडकी बळकावली, ही तक्रार मी सर्वांत आधी यथासांग नोंदवून ठेवतो. वाद्याचं नाव डबल बास. दिसायला व्हायोलिनचा आजोबा, उंचीला माझ्याहून जास्त, आणि मान मात्र अशी नाजूक की धक्का लागता कामा नये. जीपमध्ये ते आडवं घातलं, तेव्हा त्याचं डोकं खिडकीशी आलं आणि माझं त्याच्या पोटाशी.

"स्वामी, तुम्ही जरा अंग चोरून बसा," आमचा चालक जावेद म्हणाला. "ते पोलंडहून आलंय. तुम्ही काय, इथलेच."

मठाच्या पाठशाळेत संस्कृत घोकून आणि पुढे जन्मभर बातमीदारी करून कमावलेला सारा मान त्या एका वाक्यात उतरला. मी अंग चोरलं.

वाद्याची मालकीण कासिया, हसरी आणि मितभाषी. शेजारी पियोत्र, पियानो वाजवणारा, लांब बोटांचा आणि सतत भुकेला. तिसरी आमची शाल्मली, माझी मुलगी. कॉम्प्युटरचं शिकायला पोलंडमधल्या क्राकोला गेली आणि शिकता शिकता या दोघांबरोबर गाऊ लागली. शिक्षण पूर्ण झालं, नोकरी लागली, गाणं मात्र सुटलं नाही. आता तिघांची रेकॉर्ड तयार होतेय आणि तिच्यात एक गाणं आमच्याकडचं आहे. किल्लारीच्या शिवभजनी मंडळाचं भजन. चाल मंडळाची आहे. भूकंपानंतर नव्या गावठाणात मंडळ पुन्हा उभं केलं ते माझ्या मेहुण्यांनी, विश्वनाथअप्पांनी, आणि शाल्मली ती चाल शिकली ती लहानपणी सुट्टीत या मामाच्या मांडीवर बसून.

"मामा हो म्हणाला तर गाणं राहील, नाही म्हणाला तर काढून टाकायचं," असं तिने त्या दोघांना आधीच बजावलेलं. फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं, तर अप्पांचं उत्तर आलं, "फुनातलं कळत न्हाई. समोर येऊन गा. मंग सांगतो." म्हणून ही मंडळी क्राकोहून निघाली. एका होकारासाठी एवढा प्रवास आमच्या घराण्यात फक्त लग्नासाठी झालेला आहे.

लोहा सोडलं तशी पियोत्रला भूक लागली. अहमदपूरला थांबलो. तुम्ही या रस्त्याने जाणार असाल तर इथे सुशीला खा. ओल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याच्या कुटाची फोडणी; गरम असतानाच संपवायची. पियोत्रने दोन बशा संपवल्या आणि तिसरीकडे आदराने पाहिलं. रस्ता आता बरा आहे, एसटी भरपूर आहेत, एकट्यादुकट्याने एसटीच गाठावी. जीप करायची तर बोलणी आधी करून घ्या. डबल बास असेल तर त्याचीही.

चाकूरपर्यंत मी पत्रकाराच्या सवयीने प्रश्न विचारत होतो आणि शाल्मली दुभाषी झाली होती. जॅझ अमेरिकेचा, मग तुमचा कसा? कासिया म्हणाली, तिच्या आजोबांच्या काळी कम्युनिस्ट सरकारच्या धाकाने तो चोरून ऐकावा लागायचा, म्हणून तो तिकडे फार जिव्हाळ्याचा झाला. पुढच्या लोकांनी त्यात आपल्या डोंगरातली गाणी घातली, मग लग्नातले नाच, मग शेजारपाजारच्या आणि दूरदूरच्या देशांची गाणी. तिच्या आजोळी लग्नात तीन मात्रांचा नाच असतो. पण फिडल वाजवणारा त्या तीन मात्रा सारख्या ठेवतच नाही, नाचणाऱ्याचा पाय उचलेल तशी एखादी लांबवतो. "आमच्या ठेक्याला लगाम नसतो," ती म्हणाली.

"काकी, हे तर आमच्या भजनातपण होऊन राहतंय," जावेद पुढून म्हणाला. "बुवाला खोकला आला की ठेका थांबतो."

काकी हे संबोधन तिशीतल्या कासियाला भाषांतरित करून सांगण्यात आलं नाही.

लातुरात शिरलो तर गंजगोलाईची बाजारपेठ सुनसान. शटर खाली, हातगाड्यांवर ताडपत्री. कासियाने विचारलं, संप आहे का? संप नव्हता, दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होती, आणि अर्ध्याहून अधिक गाव आदल्या दिवशीच शेताकडे सरकलं होतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरकर घरी सापडत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. आता यांच्या पोलंडमधल्या व्यवस्थापकाने वाटेतल्या एका कार्यक्रमासाठी लातूरचं सभागृह नेमकं त्याच दिवशी घेतलेलं. का, तर महिन्यात तेवढा एकच दिवस रिकामा दिसला म्हणून! सभागृहाच्या वॉचमनने किल्ली देताना आम्हाला नीट न्याहाळलं. "घ्या की हॉल. पर ऐकणार कोण? मी बी सकाळी जाणार हाय."

मी अप्पांना फोन लावला.

"दाजी, तुमी पत्रकार, आन् तुमाला येळवस म्हाईत न्हाई?"

"मला माहीत आहे. पोलंडला माहीत नव्हती."

"मंग आना त्यास्नी शेतात. शेत काय रिकामं न्हाई."

सकाळी औसा ओलांडून लामजन्याकडून किल्लारी धरली. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांवर आलेली, हरभरा घाट्यांवर, आणि रस्ताभर बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकली. प्रत्येकावर अंबिलीचा, म्हणजे ज्वारी-ताकाच्या पेयाचा, माठ सांभाळणारा एक गंभीर माणूस. सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, भज्जीच्या तयारीसाठी आधीच माहेरी येऊन बसलेली. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी; आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, तेच पाच पांडव. पूजा झाली, अंबील शिंपडत शेताभोवती फेरी झाली. त्या फेरीत जे काही ओरडतात ते जुनं कानडी म्हणे. अर्थ कुणालाच ठाऊक नाही. पियोत्रने मला अर्थ विचारला. मी पंडिताच्या थाटात त्याच्या हातात अंबिलीचा पेला दिला.

पंगत बसली. शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. कासियाने हात जोडून "नमस्ते" म्हटलं, समोरून चारपाच आवाजांत "शरणार्थ" आलं. तिने तोही शब्द लगेच उचलला आणि दिसेल त्याला, बैलालासुद्धा, शरणार्थ करत सुटली. पियोत्रला अंबील इतकी आवडली की शाल्मलीच्या मामी म्हणाल्या, "ह्याला हितंच ठिवा. भांडी हलकी हुतील."

जेवणं झाल्यावर चिंचेखाली सतरंजी पडली. शेतात वीज नव्हती, त्यामुळे पियोत्रचा कीबोर्ड पेटीत बंद आणि त्याच्यासमोर मंडळाची पेटी. त्याने भाता हलवला, दोन पट्ट्या दाबल्या, आणि लहान मुलासारखा हसला. पेटीला धाप लागते तशी धाप त्याच्या पियानोला कधी लागली नव्हती.

अप्पा टाळ घेऊन समोर बसले. "आता सांग, जॅझ म्हंजे काय?"

"मामा, चाल तीच. पण दर वेळी नवी."

"आमचं बी तेच हाय की! त्येच्यासाठी इमानात कशाला बसाया लागतंय?"

सगळे हसले. शाल्मलीही हसली, पण तिने हातातला रुमाल इतका पिळला होता की मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

आधी मंडळाने भजन म्हटलं. मग तेच भजन या तिघांनी. डबल बास चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा होता; कासियाने तारेला बोट लावलं तर तो सूर सतरंजीखालून मांडीला लागला. पियोत्रने पेटीतून असे स्वर जोडून काढले की आमचा पेटीवाला पेटीत दुसरं कोण शिरलंय म्हणून वाकून बघू लागला. ठेका तीन मात्रांचा, लग्नातल्या नाचाचा, एक पाय लांबवणारा. त्यावर शाल्मलीचा आवाज. मध्येच तिने शब्द सोडले आणि डोंगरावरून मेंढरांना हाक मारावी तशी पोलंडकडची एक हाक घातली. बांधापलीकडच्या शेतातली माणसं उंडे हातात घेऊन उभी राहिली. माझ्या छातीत जे काही झालं त्याला संस्कृतात पुष्कळ शब्द आहेत. मला त्यावेळी एकही आठवला नाही.

आणि ते थांबले. शेवटचा चरण न म्हणता, अधांतरी. तिकडे याच जागी श्रोते श्वास रोखतात आणि मग टाळ्यांचा पाऊस पडतो, असं शाल्मलीने गाडीत सांगितलं होतं.

इथे टाळी पडली नाही. कुणी हललंसुद्धा नाही. अप्पांचे डोळे मिटलेले, टाळ हातात तसाच. पियोत्रने कासियाकडे पाहिलं, कासियाने शाल्मलीकडे. शाल्मलीने पुन्हा रुमाल पिळायला घेतला. माझ्याही मनात आलं, संपलं, गाणं गेलं.

पण मंडळ वाट पाहत होतं, एवढंच. आमच्याकडे भजनाच्या शेवटच्या चरणात ते रचणाऱ्या संताचं नाव येतं. ते नाव घेतल्याशिवाय भजन संपत नाही, आणि न संपलेल्या भजनातून कुणी उठत नाही, टाळी वाजवायचा तर प्रश्नच नाही. या तिघांनी तर तो चरणच ठेवला नव्हता.

बायकांकडून मामींनी तो उचलला. बारीक, थोडा चिरका आवाज. मागोमाग सुनंदा, मग सगळ्या बायका, मग टाळ, मग पखवाज, मग बांधापलीकडचे लोकही. कासियाने डोळे मिटून त्या सगळ्यांच्या खालचा मूळ सूर शोधला. पियोत्र पेटीवर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याला सूर सापडला, आणि सापडल्यावर त्याने तो सोडला नाही. चरण चारपाच वेळा फिरला. मग टाळ्या.

अप्पांनी डोळे उघडले. "ती मधली हाक पटली मला. ठेका बी पटला. पर असं अर्ध्यातनं उठतेत का गं? ज्यानं लिवलं त्येचं नाव कोन घेणार?"

"घेते मामा. शेवटचा चरण घालते."

"तू नगं. मंडळ म्हनंल. तुमचं यंत्र लावा हितंच. मंग ठिवा गानं."

पियोत्रला भाषांतर करून सांगितलं. त्याला ते अधांतरी थांबणंच गाण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटत होती म्हणे. तरी तो उठून अप्पांच्या पाया पडला. कुणी शिकवलं कोण जाणे, बहुधा अंबिलीने. चिंचेखालीच चरण रेकॉर्ड झाला. त्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आहे आणि अप्पांनी कुणाला तरी दिलेली "ए, गप ऱ्हा की!" ही दटावणीसुद्धा. दोन्ही ठेवायचं ठरलं आहे. क्राकोत लोक ते कान देऊन ऐकतील. ही बातमी मी आजवर दिलेल्या सगळ्या बातम्यांपेक्षा मोठी आहे आणि ती छापायला मला कुणाची परवानगी नको.

दुसऱ्या दिवशी नांदेडला परतलो. तिघांना हैदराबादच्या गाडीत बसवलं. फलाटावर शाल्मलीने सांगितलं: गाणं राहिल्यामुळे रेकॉर्ड पुरी होईल, पुरी झाली की गावोगाव कार्यक्रम, म्हणजे आणखी दोनेक वर्षं तिकडेच. मी म्हटलं, उत्तम. आणि मनापासून म्हटलं. किल्लारीच्या शेतातली चाल घेऊन माझी मुलगी जगात चालली आहे, याचा मला इतका अभिमान आहे की आठवडाभर मी भेटेल त्याला पकडून सांगतोय.

माहेराहून घरी आल्यावर सुनंदाने विचारलं, "पोर सुखात आहे ना?" मी हो म्हणालो. पण मला ते माहीत नाही. ती शाळेत होती तेव्हा स्वयंपाकघरातलं तिचं गुणगुणणं ऐकून पेपर कसा गेला ते मला कळायचं. त्या दिवशी चिंचेखाली अप्पांना राहिलेला चरण ऐकू आला, मामींना तिच्या आवाजातली सर्दी ऐकू आली आणि निघताना त्यांनी तिला सुंठीची पुडी दिली. मला फक्त एवढंच कळलं की ती फार सुंदर गातेय. तिकडे तिचं काही बिनसलं, तर तिच्या आवाजावरून ते मला आता ओळखता येणार नाही, याची मला भीती वाटते.