पोफळीच्या पत्त्याची पेटी

आमचे दोन ससे गेले ते माझ्या सुवाच्य अक्षरामुळे.

मी रत्नागिरीत तीस वर्षं कारकुनी केली. एवढ्या वर्षांत माझ्या हातचा पत्ता कधी चुकला नाही, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. दर मे महिन्यात आमच्या कलमांच्या हापूसची एक पेटी पोफळीला, मुलीच्या सासरी जाते. तिच्यावर लाल ऑइलपेंटने पत्ता मीच रंगवतो. आमचे व्याही वसंतराव आंबे खाऊन मोकळी पेटी परत पाठवतात. (आंबे कसे होते ते कळवत नाहीत. पेटी मात्र न चुकता परत!)

जावई पोफळीच्या वीज प्रकल्पात नोकरीला आहे. वसंतराव निवृत्त होऊन त्याच्याच क्वार्टरमध्ये राहतात, त्यामुळे आमची सहा वर्षांची नात ओवी दिवसभर त्यांच्या ताब्यात. पोरीचं कुठलंही वाक्य "बाबाआजोबा म्हणतात" इथून सुरू होतं. बाबाआजोबांना पंपातलं कळतं, पावसातलं कळतं, पृथ्वीच्या पोटातलंही कळतं! मला हे सहन होत नव्हतं. उगाच खोटं कशाला बोलू?

म्हणून मी ससे आणले. ओवीने ससे मागितले होते आणि वसंतरावांनी "क्वार्टरमध्ये जनावरं नकोत, घाण होते" असं सांगून तिला गप्प केलं होतं. मी एक पांढरं आणि एक तांबूस पिल्लू घरी आणलं आणि लगेच फोन लावला.

"ओवी, ससे आले! पण ते रत्नागिरीलाच राहणार हं. सुट्टीत इकडे यायचं."

पलीकडून किंकाळी आली. मग नावं ठरली, खोबरं आणि गूळ. मग तिनेच सांगितलं की शनिवारी येते आणि शाळा उघडेपर्यंत राहते. म्हणजे अख्खा महिना! आयुष्यात पहिल्यांदा मी वसंतरावांच्या पुढे होतो.

राहता राहिला सशांच्या घराचा प्रश्न. मोबाईलवर पाहिलं तर परदेशातले ससे दुमजली लाकडी बंगल्यात राहतात, वर जायला जिना! मी म्हटलं, शहाणेच आहेत. कोकणातल्या सशाला आंब्याची पेटी पुरे. वसंतरावांनी परत पाठवलेली गेल्या वर्षीची मोठी पेटी काढली, आत पेंढा घातला, झाकणाच्या जागी जाळी ठोकली, बोक्याला आत दिसू नये म्हणून जाळीवर गोणपाट बांधलं. मुंग्या चढू नयेत म्हणून खाली जांभ्याचे चार चिरे ठेवले आणि पेटी फणसाखाली सावलीत मांडली.

"अहो, फणसाखाली ठेवताय?" माझी बायको सुधा म्हणाली.

"सावली आहे."

"फणसही आहेत."

"तुला सशांतलं काही कळतं का?"

"सशांतलं नाय कळत. फणसातलं कळतं."

बुधवारी सकाळी फणस पडला. पेटीपासून हातभर अंतरावर! सुधाने तो उचलून माझ्या पायाशी आणून ठेवला. मी पेटी उचलून पडवीत आणली आणि यंदाच्या आंब्यांच्या पेटीशेजारी ठेवली. त्या पेटीवरही गोणपाटच होतं. पत्ता मात्र अजून रंगवायचा होता. उद्या रंगवू, म्हटलं. निवृत्त कारकुनाला उद्याची सवय सुटत नाही.

गुरुवारी जेवून मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो, तोंडावर पेपर. तेवढ्यात बाहेर सत्या टेंपोवाल्याने हाक मारली. हा चिपळूण-पोफळीकडे माल नेतो.

"काका, पोफळीची पेटी देताव ना?"

"पडवीत आहे. पत्ता बघ आणि ने!" मी पेपरखालून ओरडलो.

"काका, हलकी लागतेय हो!"

"आंबा पिकला की हलका होतो!" (हे शास्त्र मी त्याच क्षणी शोधून काढलं.)

"आत कायतरी खसखसतंय."

"पेंढा आहे तो! आयुष्यात कधी पेटी बघितली नाहीस काय रे?"

सत्या बिचारा पेटी घेऊन गेला. मी कूस बदलली.

साडेचारला उठून शेवग्याचा पाला काढला आणि नेहमीप्रमाणे पेटीच्या फटीतून आत सरकवला. इतर दिवशी लगेच कुरकुर सुरू व्हायची. आज काही नाही. वाळकं गवत घातलं. काही नाही. मी खाली वाकून म्हटलं, "खोबऱ्या, गुळ्या, अरे शनिवारी ओवी येत्ये. असा रुसवा बरा नव्हे." वीस मिनिटं मी त्या पेटीची समजूत घातली. एवढं गोड मी घरच्या कोणाशी बोललेलो नाही!

शेवटी मोबाईल काढला. ससा खायचा थांबला तर अजिबात वेळ घालवू नका, असं त्यात लिहिलेलं. मी फटीतून बोट घातलं. बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. गार, गोल, हलत नव्हतं.

"सुधा! गेला गं! केससुद्धा झडलेत!"

सुधा धावत आली. तिने सुतळी सोडली, गोणपाट काढलं, वरची फळी उचकटली आणि आत बघत राहिली. शेवग्याच्या पाल्याखाली हापूस ओळीने निजले होते.

"अहो," ती हळू म्हणाली, "मग मेल्या सत्याने नेलान तरी काय?"

मला उत्तर माहीत होतं. गेल्या वर्षीच्या पेटीवर लाल रंगात, वळणदार अक्षरात पोफळीचा पत्ता होता. मीच सांगितलं होतं, पत्ता बघ आणि ने.

पुढचा तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बाहेर ऊन, टेंपोवर ताडपत्री, आत दोन पिल्लं, पाण्याचा थेंब नाही. सत्याचा फोन लागेना. मी पडवीत येरझाऱ्या घातल्या आणि मनातल्या मनात ओवीची वीस वेळा माफी मागितली. खरंच घाबरलो होतो.

सहाला फोन वाजला. वसंतराव!

"अप्पा, यंदाच्या आंब्यांना कान फुटलेत!"

"जिवंत आहेत?"

"पाणी प्यायले, कोबी खाल्लानी, आता ओवीच्या मांडीवर आहेत. पण पेटी फार लहान हो, अप्पा. सशाला पळायला जागा लागते."

ज्यांना जनावरं नको होती ते हे! मी ओवीला फोन द्यायला सांगितलं.

"अप्पाआजोबा, तुम्ही मला सरप्राइज दिलंत?"

"हो तर," मी निर्लज्जपणे म्हणालो. "शनिवारी येतेस ना?"

"आता कशाला? ससे इथेच आहेत."

एवढंच म्हणाली. लबाडीने बोलावलेली पोर सरळपणे नाही म्हणाली, तर रागवायचं कोणावर? पण फार लागलं. रात्री आमटीत मीठ नव्हतं ते सुधाने सांगितल्यावर कळलं.

शनिवारी आम्ही दोघं एसटीने पोफळीला गेलो, मांडीवर आंब्यांची पेटी. मी निघताना रंगाचा डबा काढला होता, तो सुधाने हातातून काढून घेतला. क्वार्टरमागे वसंतरावांनी दोन दिवसांत सशांना लाकडी घर उभं केलं होतं. दुमजली, वर जायला जिना! ओवीने माझा हात धरून मला त्याच्यासमोर बसवलं आणि सशांना पाला कसा घालायचा ते शिकवलं. "बाबाआजोबा म्हणतात, आधी देठ द्यायचा." मी आधी देठ दिला.

चहा घेताना वसंतराव म्हणाले, "काही म्हणा अप्पा, अक्षर सुरेख हो तुमचं! त्या टेंपोवाल्याला कॉलनीत एकालाही विचारावं लागलं नाही. सरळ दारात आला."

आणि मी मूर्ख, मनातून सुखावलो!