दौलतसिंहांचा दिवा

दौलतसिंह ज्या जागी निवर्तले, तेथे पिठाच्या लहानशा राशीवर दक्षिणाभिमुख दिवा ठेवला गेला आणि त्यांच्या थोरल्या भगिनी लीलाआक्कांनी भावजयीला बजावले, “विजया, दहा दिवस हा विझता कामा नये. वाट अंधारी झाली, तर माझा भाऊ चाचपडत बसेल.”

विजयाबाईंनी मान डोलावली. परंतु मनातून त्या दिवंगत पतीवरच चरफडल्या. उघड्या ज्योतीशी ज्या पुरुषाने आजन्म वैर धरले, त्याच्यासाठी आता ज्योत जपायची!

ते वैर नौदलातले. ऐन तारुण्यात जहाजाच्या इंजिनघरात भडकलेला अग्नी त्यांनी पाहिला होता. “समुद्रावर पळायला अंगण नसतं,” एवढेच ते त्याविषयी बोलत. नौदलातून निवृत्त होऊन ते ग्वाल्हेरला परतले आणि शहराच्या अग्निशमन दलात रुजू झाले. दाल बाजारात एका गोदामाला आग लागली तेव्हा धुरातून दोन हमालांना त्यांनी खांद्यावर वाहून आणले. हमाल शुद्धीवर येताच या उपकारकर्त्याचा पहिला प्रश्न काय? “बिडी कोणी पेटवली होती?”

घरीही तीच तऱ्हा. समुद्रापासून इतक्या दूर, जयेंद्रगंजातल्या स्वयंपाकघराच्या फरशीला ते ‘डेक’ म्हणत आणि त्या डेकवर वाळूची बादली सदैव सज्ज असे. मुलाच्या, हेमेंद्रच्या विवाहात होमकुंडाशेजारी हे वरपिते पाण्याची बादली घेऊन उभे! देवघरात सांजवात लावून विजयाबाई उठू लागल्या, की मागून विचारणा होई, “पहाऱ्याला कोण?”

“सुवासिनीनं स्वतःच्या हातानं दिवा विझवायचा का हो?” त्या संतापत.

“मग बस तिथंच.”

भांडणे झाली, अबोले झाले. अखेर विजयाबाईंनी नव्हे, त्यांच्या बोटांनी हार मानली. वात चिमटीत धरून शांत केल्यावाचून त्या उठेनाशा झाल्या.

सहाव्या दिवशी दुपारी दिव्यापाशी त्या एकट्याच होत्या. दारावर थाप पडली. दलातले जुने सहकारी संग्रामसिंह भेटीस आले होते. त्यांना घेऊन विजयाबाई आत येतात, तो वातीवरून धुराची बारीक रेघ वर चाललेली!

गरिमा, विजयाबाईंची सून, धावत आली. “अरे, बुझ कैसे गया? आई, पंखा तर बंद आहे!”

“कोणाचं हे काम?” लीलाआक्का कडाडल्या.

विजयाबाईंनी रागाने खिडकीकडे पाहिले; ती बंद होती. मग अंगठा चुरचुरला. चिमटीला काजळी लागली होती.

“माझंच,” त्या म्हणाल्या. “उठले, अन् हात आपसूक गेला.”

“एवढी एक गोष्ट सांभाळता आली नाही तुला?”

“मला काय विचारता, वन्सं? तुमच्या भावाला विचारा! जन्मभर हेच घोटून घेतलं माझ्याकडून, अन् आता स्वतःच्या वाटेवरचा दिवाही माझ्याच हातून विझवून घेतला. गेल्यावर तरी माणसानं गप्प राहावं की नाही!” बोलता बोलता त्यांचा स्वर चिरकला. “आता अंधारात कुठं असतील, कोण जाणे.”

संग्रामसिंह दारातच थबकले होते. ते हळूच म्हणाले, “वहिनीसाहेब, धुरात काही दिसत नसे, तेव्हा साहेब भिंत चाचपत पुढे जात. वाट चुकलेले त्यांना मी कधी पाहिले नाही.”

लीलाआक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि वात पुन्हा पेटवली.

विजयाबाई दिव्यासमोर मांडी घालून बसल्या.

“आई, चहा आत येऊन घ्या ना,” गरिमा म्हणाली.

“इथंच आण. पेटता दिवा सोडून उठलेलं ह्यांना चालत नाही.” मग त्या वैतागाने उद्गारल्या, “आणि ती वाळूची बादलीही आण. नाहीतर पुन्हा काहीतरी काढतील!”

गरिमाने बादली आणली. लीलाआक्का सरकल्या आणि त्यांनी दिव्याशेजारी बादलीला जागा करून दिली.