निर्मलेचे गुडघे

दवनीवाड्याच्या भागीरथाबाईला निर्मलाबाईचे गुडघे दिसले की पोटात दुखायचं. होय, गुडघेच! सोन्याच्या पाटल्या, मोठं घर, यातलं काही निर्मलेजवळ नव्हतं. पण समोरच्या अंगणात ती सत्तरीची बाई चुलीपुढे उकिडवी बसायची आणि हात न टेकता ताडकन उठायची. दोघी एकाच वर्षी सुना होऊन या गल्लीत आलेल्या. आणि इकडे भागीरथाला खाटेवरून उठवायला सून लागायची. सून बगलेत हात घालून उचलायची, तेव्हा निर्मला नेमकी इकडे बघायची. की भागीरथालाच तसं वाटायचं, देव जाणे!

खरं सांगायचं तर ही खाट भागीरथानंच मिरवली होती. सून चेतना घरात आली, तशी हिनं घागर आणि झाडू दोन्ही सोडले. धानाच्या रोवणीला जाणंही बंद. गावात सासू पाणी भरताना दिसली तर शिव्या सुनेला बसतात. म्हणून चेतनाही तिला पेलाभर पाणी उचलू देत नसे. जेवण काय, तर पातळ पेज, नाहीतर चहा-टोस्ट. म्हाताऱ्या माणसाला जड कशाला! निर्मलेचा मुलगा ओमेश लग्नाचं नावच घेईना, त्यामुळे ती उतारवयातही धानाच्या बांधीत वाकलेली. भागीरथा खाटेवरून म्हणायची, "नशीब लागते वं बाई!"

मग नशीब उलटलं. मांड्या काटकुळ्या झाल्या, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तिला आपला हात दाबायला लावला, खुर्चीवरून उठायला सांगितलं. म्हणाली, "आजी, वय झालं की अंगातलं मांस झिजतंच. पण बसून राहिलं की फार लवकर झिजतं. रोज थोडं उठा-बसा, चाला. वरण, चणे, अंडी, मासोळी खा."

"मंग त्या निर्मलेचं काऊन नाही झिजत?"

"कोण निर्मला?"

"समोरची. दिवसभर कामं करत राहते."

"मग सांगितलं की तुम्हीच," डॉक्टरीणबाई हसली. भागीरथाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

घरी येऊन तिनं झाडू मागितला, तर चेतना रडायलाच लागली. "लोकं मले काय म्हणतीन, आई?" शेवटी भागीरथा दार लोटून, खाटेचा आधार घेऊन उठाबशा काढू लागली. आपल्याच घरात चोरी! अंडं मात्र उघड मागून खाल्लं. दिवाळीपर्यंत ती सुनेच्या हाताशिवाय उठू लागली, कण्हत का होईना.

पुढच्या उन्हाळ्यात ओमेशनं लग्न केलं. नवी सून नीतू घरात आली आणि निर्मला पेढे घेऊन भागीरथाच्या खाटेवर येऊन टेकली.

"आता मी बी तुह्यासारखी बसतो. खरं सांगू? लय जळली वं मी तुह्यावर. मी पान्याची घागर घेऊन जात होती, अन् तू इथं पसरून राहत होती."

भागीरथाचा विश्वास बसेना. हिला? आपला हेवा? बाई, बसू नको, माझं बघ, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तिनं पेढा तोंडात घातला आणि म्हणाली, "बस ना वं. हक्कच हाये तुहा."

झालं! निर्मला बसली ती बसलीच. पावसाळाभर आपल्या अंगणातल्या खाटेवरून हलली नाही. भागीरथा रोज बघे आणि रोज तिचा जीव गार होई. धान कापणीला आलं त्या दिवसांत निर्मला घराची पायरी चढताना थांबली, भिंत धरली आणि म्हणाली, "नीतू, हात दे वं."

ज्याची इतके दिवस वाट पाहिली, ते डोळ्यांसमोर घडलं. भागीरथाला वाटलं होतं, गोड लागेल. नाही लागलं. समोरचं अंगण एकदम ओसाड दिसलं, आणि भीती वाटली. ती उठली, धापा टाकत गल्ली ओलांडून गेली आणि नीतूचा हात बाजूला सारला.

"चढ तुह्या पायानं! मी तुले बस म्हणलं ते जळून म्हणलं. बसशीन त सडशीन."

"अन् आता? आता बी जळूनच राहिली का माह्यावर?"

"हो, जळून राहिली! जिंदगीभर जळली. आता तूच लुळी पडली त मी जळू कोनावर? चढ!"

निर्मलेनं तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं, आणि भिंत सोडून पाय उचलला.