आत्मारामकाकांच्या खांद्यातली चावी

बोईसर स्टेशनबाहेर चाव्या करून देणारे, जवळच्याच माहीम गावचे आत्मारामकाका तीस वर्षांत कुणाच्या कुलपावर कधी जोर करायला गेले नाहीत. अडलेली चावी रेटली की मोडते, हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही सुनवायचे. वाडीत पाय घसरून गळपट्टीचं हाड मोडलं, तेव्हा हेच शहाणपण त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावलं. सहा आठवड्यांत हाड सांधलं, डॉक्टरांनी हाताची झोळी काढायला सांगितली, तरी ती गळ्यातच. हात रेटला आणि हाड पुन्हा मोडलं, तर चाव्या घासायची कानस कोण धरणार? ही भीती त्यांना खात होती. दुकान बंद, काका दिवसभर घरात, आणि बायकोच्या, राहीबाईंच्या, प्रत्येक भाजीत त्यांना मीठ कमी लागायचं.

पुतणी चारुता फिजिओथेरपिस्ट. ती रोज व्यायाम शिकवायला यायची आणि हात हलवत परत जायची.

एके दिवशी ती मोबाइलवर स्पॅनिशचा धडा ऐकतच आली. तिकडे चावीला ‘यावे’सारखं काहीतरी म्हणतात, असं तिने सांगितलं. मग कुलपाला बसावे म्हणत असतील, असं काका म्हणाले. धंद्याचा विषय निघालाच आहे, तर चारुता सोडते कशाला? मूळ लॅटिन शब्द क्लाविस. त्यातूनच पोर्तुगीजांचा शावे आला आणि त्यांच्याकडून आपली चावी. इंग्रजीत बंद दाराआडच्या बैठकीला कॉन्क्लेव्ह म्हणतात, तोही त्याच घरातला. मग तिने एक्स-रेच्या कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. क्लॅव्हिकल, म्हणजे काकांचं मोडलेलं तेच हाड; शब्दाचा अर्थ छोटी चावी. हात वर जातो तेव्हा हे हाड चावीसारखं जागच्या जागी फिरतं.

जगाच्या चाव्या केल्या आणि स्वतःच्या अंगातली ठाऊक नव्हती, याची काकांना जरा लाजच वाटली.

“काका, लई दिवस बंद असलेलं कुलूप आलं, तर तुमी काय करता?”

“तेल सोडतो. मग हलक्या हातानं, थोडी थोडी चावी फिरवतो.”

“आणि फिरवलीच नाय तर?”

“गंजतं,” काका म्हणाले, आणि डाव्या हाताने झोळीची गाठ सोडू लागले.

तीन आठवड्यांनी दुकान उघडलं. कानस पहिल्यांदा फिरली तेव्हा काकांचे डोळे भरून आले. समोरचं गिऱ्हाईक मात्र घाई करत होतं. काकांनी कॉलर बाजूला करून हाड दाखवलं.

“ह्या चावीला नऊ आठवड्यांच्या वर लागले. तुमी बसा जरा.”