दोन फासळ्यांमधली वाट

माझा थोरला भाऊ सनई वाजवतो. हृदयाची झडप बदलायला तो वर्षभर तयार नव्हता. "छाती फोडल्यावर दम कुठून आणू?" म्हणायचा, आणि एक जिना चढला की कठडा धरून उभा राहायचा. मी ओरडले, रडले, अबोलाही धरला.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि त्याच्या उजव्या फासळ्यांवर बोट ठेवलं. "काका, मधलं हाड कापायचं नाही. इथून, दोन फासळ्यांच्या मधून जाईन."

"एवढ्याशा जागेतून?"

"पुरते तेवढी."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पट्टी बदलताना मी ती जखम पाहिली. माझ्या बोटाएवढी. एवढ्याशा वाटेने कुणी हृदयापर्यंत जाऊन, झडप बसवून परत आलं होतं! मी मात्र वर्षभर धडका देत होते. बाईंनी त्याची भीती कुठे आहे ते आधी पाहिलं, आणि तिला धक्का न लावता वाट काढली. माणसापर्यंत पोचायला फार मोठं दार लागत नाही, हे मला तिथे पटलं.

नर्सने श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दादाच्या हातात दिलं. त्याने नळी ओठांत धरून श्वास ओढला. यंत्रातल्या तीन चेंडूंपैकी दोन वर गेले, थरथरत तिथेच राहिले.

"हलतोय जरा," नळी काढून तो म्हणाला, "पण सूर लागतोय."