झाकणकाका आणि अर्धा डबा

माझे धाकटे दीर गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतात. घरात त्यांना झाकणकाका म्हणतात, कारण काही टाकून द्यायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. उरलेला रंग, तळाला गेलेलं तेल, सगळ्याला झाकण लावून फळीवर.

आज ट्रॅकवर माझ्या लेकीची परीक्षा होती. भरधाव गाडी वळणापाशी नेमकी आवरली, तरच तिला शर्यतीत घेणार होते. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि पोर तोंड पाडून परतली.

"काका, पेडल मऊ पडतंय. पाय खाली खालीच जातोय. सर म्हणतात, तू घाबरतेस."

"घाबरतेस का?"

"नव्हते घाबरत. आता वाटायला लागलंय."

भाऊजींनी चप्पल काढून अनवाणी पाय पेडलवर ठेवला. देवघर आणि गाडी, दोन्हीकडे ते चपलेशिवायच जातात. पेडल दाबून धरलं, ते हळूहळू बुडालं नाही. म्हणजे ब्रेकचा सिलिंडर धड. चाकांपाशी ओल नाही, म्हणजे गळती नाही. भराभर दाबल्यावर मात्र थोडं वर आलं.

"सकाळी कसं होतं?"

"दगडासारखं."

"आणि तापल्यावर मऊ. ब्रेक ऑइल उकळतंय गं. वाफेचे बुडबुडे झालेत, तू तेच दाबतेयस. ऑइलने हवेतलं पाणी ओढलं असणार. पण मी तर परवाच नवीन…"

"नवीन, की फळीवरचं?" मी विचारलं.

"झाकण घट्ट होतं, वहिनी."

"डबा कधी उघडला होता?"

"ते नका विचारू."

तसेच उठून ते सरांकडे गेले. "पोरगी घाबरलेली नाही. जुनं ऑइल मी घातलं, चूक माझी. बदलून देतो, तिला पुन्हा सोडा."

गाडी निवल्यावर सीलबंद डबा फोडला. लेक आत बसून पेडल दाबत होती, भाऊजी चाकापाशी वाकून ब्रेकच्या नळीतलं जुनं ऑइल आणि हवा काढत होते. "दाब. धरून ठेव. हं, सोड." मग ती ट्रॅकवर गेली आणि मी डोळे मिटून नामस्मरण करत बसले. भाऊजींनी मात्र पापणी लववली नाही.

सगळ्या फेऱ्या संपवून ती आली. "दगड, काका. शेवटपर्यंत दगड." सरांनी तिला शर्यतीत घेतलं.

घरी आल्याआल्या भाऊजींनी फळीवरचे ब्रेक ऑइलचे सगळे अर्धे डबे बाहेर काढले. मला धन्य वाटलं. आत्ता बघते तर डबे गेलेत, झाकणं धुऊन फळीवर ओळीने वाळत घातलीत.

देवा, एवढं बदलले तेवढं पुरे. आणखी नको.