शेणात गाडलेला पाय

आमच्या बाबांना जगातल्या तापलेल्या गोष्टींची तापमानं तोंडपाठ होती. लोखंड कितीवर वितळतं, आकाशातून तुटलेला तारा हवेत शिरताना किती तापतो, सूर्याचा पृष्ठभाग किती. आणि सगळ्यांवर वरताण वीज: तीस हजार अंश, सूर्याच्या पाचपट. ते शाळेत विज्ञान शिकवत आणि रायपुरातल्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी आले तरी त्यांची शाळा सुटायची नाही. पाहुण्याच्या हातात चहा आला की त्याचंही तापमान निघायचं.

छत्तीसगडात खेड्यांतून वीज पडलेल्या माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरतात. शेण अंगातली विजेची गरमी ओढून घेतं म्हणे. पेपरात तशी बातमी आली की बाबा भडकायचे. "शेणात काय फ्रिज बसवला हाय काय?" मीही त्यांचीच लेक, त्यांच्याहून जास्त चिडायची.

राज्य नवं झालं, पुढे नवा रायपुर हे शहर उभं राहू लागलं आणि माझं ऑफिस तिकडे गेलं. रस्ते हे रुंद, बसचा मात्र पत्ता नाही. तिथल्याच एका गावाजवळ प्लॉट बघावा म्हणून आश्विनातल्या एका दुपारी मी, बाबा आणि माझा धाकटा भाऊ गेलो. पावसाळा संपल्यात जमा होता. तरी एकाएकी अंधारून आलं, चार थेंब पडले. भावाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत मोहाच्या झाडाखाली गेला.

वीज मी पाहिलीच नाही. आवाज कानापेक्षा पोटात जास्त झाला. डोळे उघडले तेव्हा झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती आणि भाऊ उताणा पडला होता. एक बूट फाटून लांब उडाला होता. मोज्यातल्या घामाची एका क्षणात वाफ होते आणि बूट फुटतो, हे मला नंतर कळलं. गळ्यातली चांदीची चेन जागोजागी वितळली होती.

गावातली माणसं धावत आली. "गोबर मं गड़ा दव बाबूजी, गरमी ला खींच लेही," एक म्हातारी म्हणाली. शेणाचा खड्डा रस्त्याच्या कडेलाच होता. दोघांनी भावाला उचलून खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून ठेवलं. बाबा आता सगळ्यांना झापतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

बाबा खड्ड्यात उतरले. ओंजळी भरभरून शेण घेऊन भावाचा अनवाणी पाय गाडू लागले. मला दिसत होतं, पण खरं वाटत नव्हतं.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"तीस हजार गेले वं त्याच्या अंगातून. आतून जळून राहिला तो. थंड कराले पायजे."

इतकी वर्षं पोरांना शिकवलेला आकडाच त्यांना त्या खड्ड्यात घेऊन आला होता. मी भावाच्या छातीवर हात ठेवला. अंग गार होतं. आत काही हलत नव्हतं. नाकापाशी बोट धरलं, श्वास नव्हता.

"बाबा, हा गार हाय. जळून नाही राहिला. याचं हार्ट बंद पडलं हाय."

ते ऐकेनात. दुसरा पाय ओढू लागले. तेव्हा मी त्यांना ढकललं. माझ्या जन्मदात्याला. इस्त्रीच्या शर्टासकट ते शेणात बसले.

ऑफिसात एकदा आगीपासून बचावाचं ट्रेनिंग झालं होतं. प्लास्टिकच्या बाहुल्याची छाती दाबायला लावली आणि आम्ही बायका हसून हसून बेजार झालो होतो. तेच आठवून मी भावाची छाती दाबायला लागले. "छू मत बेटी, करंट मारही," कोणीतरी ओरडलं. मारू दे, म्हटलं. दाबत होते, तोंडानं श्वास भरत होते, पुन्हा दाबत होते. त्याची बरगडी कडकन मोडली तेव्हा वाटलं, वीज राहिली बाजूला, याला मीच मारलं. मग तो खोकला.

त्याला शहरात आणलं, दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, वाचला. विजेची आग खरी, पण ती निमिषभरही टिकत नाही. दिव्याच्या ज्योतीतून झर्रकन बोट फिरवलं तर भाजत नाही, तसं. कातडी बरेचदा वाचते, बंद पडतं ते हृदय.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. शेण कोपरापर्यंत वाळलं होतं. हात धुवून या म्हटलं, तर उठले नाहीत. मला वाटलं, ढकललं म्हणून रागावले असतील.

"तू ढकललं नसतं तं मी त्याले गळ्यापर्यंत गाडलं असतं," ते हळूच म्हणाले. "अन् तो गेला असता ना, तं जन्मभर म्हटलं असतं, शेण कमी पडलं."